मार्कर म्हणायचं नाही

“काढ! काढ ते बूट! मुनसफ असशील तू तिकडं कचेरीत, इथं माझ्या मातीवर तू दोन पायाचा बैल हायेस!”

हे वाक्य वाशीमच्या मुनसफसाहेबांना, भर संध्याकाळी, अख्ख्या ऑफिसर क्लबासमोर ऐकवण्यात आलं. मुनसफ म्हणजे दिवाणी न्यायाधीश, त्या काळी गावचा अर्धा देव. उरलेला अर्धा तहसीलदार. हे साहेब नुकतेच बदलून आलेले. टाचांचे चकचकीत बूट घालून टेनिसच्या कोर्टावर चार पावलं चालले, आणि सारवलेल्या त्या मातीत टाचांचे चार अर्धचंद्र उमटले. त्या चार खड्ड्यांकडे बोट रोखून एक काटकुळा, सहा फुटी, मेंदीच्या दाढीचा माणूस ओरडत होता. त्याचा आवाज काय सांगू! पद्मतीर्थाच्या तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायांच्या हातून लुगडी निसटली. रिठदला एका म्हशीनं पान्हा चोरला. रिठद वाशीमपासून किती कोस ते तुम्ही नकाशात पाहा. मी म्हशीच्या मालकाशी स्वतः बोललेलो आहे.

आम्हाला वाटलं, आता हा म्हातारा तुरुंगात जातो. मुनसफांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि जागच्या जागी वाकून बूट काढले. नुसत्या मोज्यांवर, चोरपावलांनी, ते कोर्टाबाहेर आले. दुसऱ्या दिवशी रबरी तळव्यांचे बूट घालून हजर. म्हणाले, “कादरभाई, मला शिकवाल का?”

“शिकवीन,” कादरभाई ओरडला. हळू बोलणं त्याला जमतच नसे. “पण मले मार्कर म्हणायचं नाही!”

हा शेख कादर, जातीनं पिंजारी. मार्कर म्हणजे काय ते आजच्या पोरांना ठाऊक असण्याचं कारण नाही. मोठ्या क्लबात टेनिस खेळायला एक पगारी माणूस ठेवलेला असे. साहेबांना खेळ शिकवायचा, जोडीदार आला नाही तर जाळीपलीकडे आपण उभं राहायचं, तुटलेल्या रॅकेटी विणायच्या, आणि शेवटी हरायचं. तो मार्कर. कादरभाईनं नागपुरातल्या एका क्लबात बावीस वर्षं हे केलं. क्लबाचं नाव घेत नाही. घेतलं तर तो आत्ता येऊन माझ्या हातातला टाक मोडेल.

मी मुनसफ कोर्टात नक्कलनवीस होतो, कागदांच्या नकला उतरवणारा कारकून. अक्षर बरं म्हणून क्लबाच्या नोटिसा आणि सामन्यांचे तक्ते माझ्याच गळ्यात. त्यामुळे रोज संध्याकाळी तासभर मी त्या कोर्टाच्या कडेला बाकावर बसलेला असे, आणि कादरभाई कोणावर ओरडतो आहे हे पाहत असे. एकही संध्याकाळ फुकट गेली नाही.

तो त्या खेळात शिरला कसा, ही कथा त्यानं मला शंभरदा सांगितली आणि शंभरही वेळा रागानं सांगितली. अठरा वर्षांचा असताना बापाबरोबर नागपूरला गेला होता, क्लबाच्या गाद्यांचा कापूस पिंजायला. व्हरांड्यात बापलेक बसलेले. पिंजण छताला टांगलेलं, त्याच्या तातीवर लाकडी ठोकळ्याचे ठोके पडताहेत, कापूस उडतो आहे. तात म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची दोरी. आता गंमत अशी की साहेबाच्या रॅकेटीची जाळीही त्याच आतड्याची. एका साहेबाची तात ऐन डावात तुटली. त्यानं रॅकेट भिरकावली ती येऊन पडली यांच्या कापसात. कादरभाईनं उचलली, पिंजणाची जादा तात काढली, दातात एक टोक धरलं, आणि पानाचा विडा रंगायच्या आत रॅकेट विणून दिली. साहेबानं ती हवेत फिरवली तर म्हणे ती गायला लागली. साहेबानं बापाला विचारलं, हा मुलगा देतोस का? बापानं विचारलं, किती पगार?

“तिथंच माझं वाटोळं झालं,” कादरभाई म्हणायचा. “बाप पगार बोलला. ‘नको’ बोलला असता तर आज मी कप घेऊन बसलो असतो.”

मनगट मात्र पिंजाऱ्याचंच. सकाळपासून सांजेपर्यंत ठोके मारून मारून ते असं झालेलं की साहेबांचा फटका खांद्यातून यायचा, याचा बोटांतून. मी डोळ्यांनी पाहिलं आहे: समोरच्या कोपऱ्यात काठी रोवून काठीवर लिंबू ठेवायचा, आणि इकडून बॉल मारून लिंबू उडवायचा. काठी हलायची नाही. लिंबातलं बीसुद्धा जखमी व्हायचं नाही. बरं, बियांचं सोडा. लिंबू तर उडायचंच.

आणि एवढा हात घेऊन हा माणूस बावीस वर्षं हरला. रोज हरला. त्याचं त्याला गणित पाठ होतं. कलेक्टरशी सहा-चार, कमिशनरशी सात-पाच. कमिशनरच्या मेमसाहेबांशी किती, ते कमिशनरचा चेहरा पाहून.

“हारणं सोपं वाटते का तुले?” एकदा माझी गचांडी धरून त्यानं विचारलं. मी फक्त ‘आज कोण जिंकलं’ एवढंच विचारलं होतं. “जाळीत बॉल तर कोणताही गधा मारते! असा मारा लागते का साहेबाले वाटलं पाह्यजे, त्याच्याच फटक्यानं तो जाळीत गेला. घामबी आणा लागते. ‘वा साहेब’ म्हणा लागते. मी बावीस वर्ष पगार घेऊन हारलो, कारकून! असा हारणारा अख्ख्या वऱ्हाडात दाखव मले!”

मी कुठून दाखवणार? वऱ्हाडात फुकट हरणारेच सगळे.

शेवटी काय झालं, तर ज्या एका साहेबाला यानं रॅकेट कशी धरायची इथपासून शिकवलं, त्यानं प्रांताचा कप जिंकला. बक्षिसाच्या भाषणात त्यानं आपल्या आईचे आभार मानले, डॉक्टरचे मानले, घोड्याचे मानले. कादरभाई कोर्टाच्या कडेला टॉवेल घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्लबाच्या सेक्रेटरीकडे गेला आणि म्हणाला, पुढच्या साली माझं नाव लिहा.

सेक्रेटरीनं समजावून सांगितलं. हे सामने हौशी लोकांचे. तू खेळायचा पगार घेतोस, तू पेशेवर. पेशेवर माणसाला सभ्य लोकांत खेळता येत नाही.

“मंग कलेक्टर?” कादरभाईनं विचारलं. “तो कलेक्टरी करायचा पगार घेते. त्याले काहून कलेक्टर ठेवता? हौसेनं करू द्या ना!”

सेक्रेटरी हसला. हसता हसता म्हणाला, पगार सोड, चार-सहा वर्षं टेनिसपायी कोणाचा दिडकीचा मिंधा होऊ नकोस, मग बघू.

तो थट्टेत बोलला. पण ऐकणारा पिंजारी होता. त्याच्याकडे शब्द म्हणजे तात, एकदा ताणली की ताणली. कादरभाईनं त्याच दिवशी नोकरी सोडली. निरोपाला क्लबानं एक जुनी रॅकेट दिली, दांड्यावर कुठल्याशा साहेबाची सोनेरी अक्षरं. आगगाडीत बसल्यावर बाटलीच्या काचेनं त्यानं ती अक्षरं खरवडायला घेतली आणि अकोला यायच्या आत लाकूड कोरं केलं. डब्यातले लोक घाबरून दुसऱ्या डब्यात गेले म्हणे. गेलेच असतील. खरवडताना तो गप्प थोडाच बसला असेल?

आपल्या गावी, वाशीमला आला तेव्हा इथल्या क्लबाचं कोर्ट म्हणजे बाभळीच्या काट्यांचं शेत होतं. त्यानं पाहिलं, आधी पोटभर ओरडला, मग कामाला लागला. मुरूम चाळून पसरला, शेण आणि बारीक भुसा कालवून सारवलं, पाणी शिंपून चुन्याच्या रेघा मारल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात पिंजण खांद्यावर टाकून किन्हीराजा, रिठद, पार इंझोरीपर्यंत गाद्या भरायला जायचा, पोट त्यावर. कोर्टाचं काम फुकट. क्लबानं पगार देऊ केला तर शिव्या. चहा दिला तर कप उलटा. स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची सुरई घरून आणायचा. मला तर शंका होती की श्वासही तो कंपाऊंडाबाहेरून भरून आणतो.

का, हे तो सगळ्यांना सांगायचा. “मी आता पेशेवर नाही! दिडकी नाही घेत! एक डाव मले जिंकायसाठी खेळायचा हाय, लिहिलेला डाव, नाव टाकून! मंग मेलो तरी चालते!” पण हे तो ओरडून सांगायचा, म्हणून कोणी ऐकत नसे. ओरडणाऱ्या माणसाचं म्हणणं काय, याची चौकशी आपल्याकडे करत नाहीत. आवाज मोठा आहे एवढंच म्हणतात.

आमच्या क्लबाचे सेक्रेटरी होते बापूसाहेब वकील. पोट असं की सर्व्हिस करताना त्यांना बॉल दिसायचा नाही, अंदाजानं मारायचे. पण समोरच्याचा बॉल रेघेच्या आत पडला की तो त्यांना बरोबर बाहेर दिसायचा.

“आत होता!” कादरभाई कडेवरून गरजायचा. “बॉल आत होता वकीलसाहेब! चुना उडाला! खोटं बोलाची इतकी खाज असन तर उद्या कचेरीत बोल, तिथं त्याची फी भेटते!”

बापूसाहेब हसत. पानाचा डाग पुसल्यासारखं तोंड पुसत आणि हसत. जो माणूस चारचौघांत अपमान झाल्यावर हसतो, त्याच्यापासून सात कोस लांब राहावं. मी राहिलो नाही. मला कोर्टातली नोकरी त्यांनीच चिकटवून दिली होती.

दर दिवाळीला क्लबाच्या नोकरांना एकेक पटका मिळे. हिरवा, पिवळ्या पट्ट्याचा. क्लबाचा गणवेशच तो. माळी, चपराशी, पंखेवाला, सगळे तोच बांधत. बापूसाहेबांनी पहिल्याच साली यादीत कादरभाईचं नाव घातलं आणि पटका पोचवायला मला धाडलं. कादरभाईनं पटका घेतला, झटकला, आणि वाटेनं चाललेल्या कुंभाराच्या गाढवाच्या डोक्याला बांधला. ते गाढव त्या दिवशी क्लबाच्या गणवेशात सगळा बाजार फिरून आलं. दोन जणांनी त्याला रामराम केला.

बापूसाहेबांनी मला बोलावलं. “पुढच्या साली पटका परत आला,” ते हसत म्हणाले, “तर तो तुझ्या डोक्यावर बांधीन आणि तुला फाटकावर उभा करीन.”

पुढच्या दिवाळीला मी कादरभाईच्या पुढच्या दारानं गेलोच नाही. मागची भिंत कमरेएवढी. पलीकडे कादरभाईची बायको सकीनाभाभी कापसाच्या ढिगात बसलेली. मी पटका भिंतीवरून पुढे केला.

“भाभी, सणाचा हाय.”

तिनं दाराकडे पाहिलं, पटका घेतला, पदराखाली सारला. “सणाचं वाण वापस करत नसतेत, भाऊ. घराले दोष लागते. त्याईले सांगू नका.”

मी कशाला सांगतो? आठ दिवाळ्या मी त्या भिंतीवरून आठ पटके दिले. मनाशी म्हणायचो, पटका म्हणजे काही पैसा नव्हे. नक्कलनवीस होतो, पटका ही पगाराचीच नक्कल आहे हे मला कळायला हवं होतं.

मग तो जानेवारी. थंडी अशी की तोंडातून निघालेला शब्द कानापर्यंत पोचायच्या आत गोठायचा. क्लबाचे वार्षिक सामने, आणि दौऱ्यावर आलेला एक गोरा असिस्टंट साहेब. पंचविशीचा, ताडासारखा उंच, विलायतेत खेळून आलेला. त्यानं आमचा क्लब एका दिवसात झोडपला. तहसीलदार सहा-शून्य. इंजिनियर सहा-शून्य. बापूसाहेबांनी तर प्रत्येक बॉल बाहेर ठरवला तरी सहा-शून्यच. स्वतः मारलेलेही बाहेरच जात होते. साहेब कंटाळला. टॉवेलनं मान पुसत म्हणाला, “और कोई नहीं है?”

मुनसफसाहेब उभे राहिले. स्वतः सहा-एकनं हरून आले होते. तो एक गेम ते आयुष्यभर सांगणार होते. म्हणाले, “आहे एक.”

“तो मार्कर आहे,” बापूसाहेब म्हणाले.

“होता,” मुनसफ म्हणाले. “नऊ वर्षं इथं घाम गाळतोय. पगार नाही, बक्षीस नाही, पाणीसुद्धा स्वतःचं. मी कायदा शिकलोय बापूसाहेब. याला हौशी म्हणायचं नाही तर कोणाला म्हणायचं?”

साहेब खांदे उडवून म्हणाला, चलेगा. साहेबाला चालतं म्हटल्यावर बापूसाहेबांना पळावंही लागलं असतं. ते हसले.

कादरभाई तेव्हा कोर्टाला पाणी शिंपत होता. मी सांगायला गेलो तर झारी आपटून तो माझ्यावरच धावून आला. “आता सांगता? नऊ वर्षांनी? कंबर गेली, गुडघे गेले, तवा? मेल्यावर कबरीवर येऊन सांगायचं होतं!” मग माझ्या हातातला तक्ता पाहून थांबला. “काय लिवलं?”

“कादर,” मी म्हटलं.

“पुरं लिव. शेख कादर वल्द शेख चांद. आन् मार्कर लिवशील तर हात तोडीन.”

मी लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्यानं ते नाव इतका वेळ पाहिलं की शाई वाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामना. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. मुनसफसाहेब पंच, उंच खुर्चीवर. मी खाली बाकावर, तक्ता मांडीवर. कादरभाई अनवाणी, पायजमा नडगीला सुतळीनं बांधलेला, हातात ती खरवडलेली रॅकेट. त्यानं ती कानाशी धरून टिचकी मारली, टण्ण वाजवली आणि मान हलवली. कंबर धरू नये म्हणून सकीनाभाभीनं दुलई पाठवली होती. बाजू बदलताना तो ती खांद्यावर ओढून घ्यायचा, खेळताना कडेच्या एका खुर्चीच्या पाठीवर टाकायचा.

पहिला गेम हरला. दुसराही हरला. आणि कसा? फटका सुंदर यायचा आणि शेवटच्या घटकेला मनगट आपोआप वळून बॉल जाळीत. साहेब खूश. कादरभाई मात्र आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला, जसं चोरी करताना पकडलेल्या पोराकडे पाहावं. मग त्या हातावरच ओरडला:

“अबे हात! कोणाचा नोकर हायेस तू?”

त्यानंतर काय झालं ते मी वाढवून सांगू शकत नाही, कारण वाढवायला जागाच नाही. साहेब डावीकडे धावायचा तेव्हा बॉल उजवीकडे पडून थंड झालेला असायचा. पिंजताना ठोका पडतो तसा आवाज: टण्ण, टण्ण. कापूस कसा उडतो, तसा तो ताडासारखा साहेब उडत होता. पहिला डाव सहा-दोन. आणि मुख्य म्हणजे, कादरभाई गप्प होता. एक शब्द नाही. त्या शांततेनं गाव घाबरलं. कोर्टाकडून ओरडणं ऐकू येत नाही म्हणजे कादर मेला असं समजून लोक कामं टाकून धावत आले आणि तारेच्या कुंपणाला चिकटले. त्यांत सकीनाभाभीही.

दुसऱ्या डावात पाच-एक झालं. एक गेम बाकी. साहेब पाणी प्यायला थांबला, तेवढ्यात कादरभाईनं खुर्चीवरची दुलई ओढली, ती खुर्चीच्या खिळ्याला अडकली आणि टरकन उसवली.

आतून हिरवं बाहेर आलं. पिवळ्या पट्ट्याचं.

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. आठ पटके, दरसाल एकेक जोडत शेजारी शेजारी शिवून केलेलं अस्तर. आठ वर्षं तो त्याच दुलईत झोपत होता. भाभीनं त्यावर साधा खादीचा कपडा चढवला होता, आणि पिंजाऱ्याच्या घरात दुलई उसवून आत काय आहे हे कोण पाहतो? आत कापूसच असणार.

बापूसाहेब उठले. दोन बोटांत दुलईचा कोपरा धरला, मेलेला उंदीर धरावा तसा. फाटकावरच्या चपराशाला बोलावलं, त्याच्या डोक्यावरचा पटका दुलईशेजारी धरला. मग वर पाहिलं. “पंचसाहेब. गणवेश. नोकर हौशी कसा?”

“मी नाही घेतला!” तो आवाज मी त्याआधी ऐकलेल्या सगळ्या आवाजांच्या वर होता. “एक धागा नाही घेतला! गधड्याच्या डोक्याले बांधला मी, अख्ख्या गावानं पाह्यला!”

“मी घेतला,” कुंपणापलीकडून सकीनाभाभी म्हणाली. “सणाचा होता.”

कादरभाईनं तिच्याकडे पाहिलं. हातातली रॅकेट खाली केली.

मुनसफ खुर्चीतून पुढे वाकले. त्या भल्या माणसाला फट हवी होती, आणि फट होती. “यजमानांना माहीत होतं का? कोणी आणून दिला तुम्हाला? कोणाच्या हातून?”

सकीनाभाभीनं एकदा, फक्त एकदाच, माझ्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, “क्लबातून आला.”

आता सांगतो ते मात्र अजिबात वाढवलेलं नाही. मी उठून एवढं म्हटलं असतं, की मी दिला, चोरून दिला, त्याला ठाऊक नव्हतं, तर मुनसफांनी सामना पुढे चालवला असता. बापूसाहेब माझ्याकडे पाहून हसले. मी पेन्सिलीचं टोक पाहत बसलो. म्हशींचे पान्हे आटवणाऱ्या, लिंबातल्या बिया वाचवणाऱ्या या माझ्या तोंडाला त्या दिवशी कुलूप लागलं. त्या बापूसाहेबांच्या हसण्याला जन्मभर शिव्या देत आलो. निम्म्या शिव्या पत्ता चुकून त्यांच्याकडे जातात हे मला माहीत आहे.

मुनसफ खुर्चीत मागे सरले. मग त्यांनी साहेबाकडे पाहिलं. साहेबानं ठरवलं असतं तर पटका काय, पागोटं काय, सगळं चाललं असतं. सहा-दोन, पाच-एक हरत असलेला तो पंचवीस वर्षांचा पोरगा स्वेटर गळ्यात घालत म्हणाला, “बहुत अफसोस. लेकिन रूल.” आणि चहा मागितला.

लोक कप द्यायला, हार घालायला, हात मिळवायला कोर्टावर घुसले. टाचांचे बूट, नालांचे जोडे, चपला. त्या मऊ ओल्या मातीत शेकडो खड्डे पडले. कोणी ओरडलं नाही. कादरभाईनं दुलई नीट घडी करून खांद्यावर टाकली, रेघेवर पाय न देता कडेकडेनं चालत तो बाहेर गेला, आणि सकीनाभाभी चार पावलं मागून. क्लबाच्या फळ्यावर त्या सालचं नाव रंगवायचं काम माझ्याकडेच आलं. अक्षर बरं ना माझं! विजेता साहेब. ‘विरुद्ध’ असं लिहून पुढे काय लिहू विचारलं तर बापूसाहेब म्हणाले, जागा सोडून दे.

तो पुन्हा त्या कोर्टावर आला नाही. पावसाळ्यानंतर तिथं गवत माजलं, पुढं बकऱ्या चरायला लागल्या. बापूसाहेबांनी आतल्या खोलीत पत्त्यांचं टेबल मांडलं. पत्त्यांत रेघ नसते.

चार-पाच वर्षं गेली. लढाई सुरू झाली होती, कापड महाग, पण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं आणि गाद्या भरणं आलं. आईनं पिंजारी बोलावला. मी कचेरीतून घरी आलो तर अंगणात पिंजण टांगलेलं आणि खाली कादरभाई. दाढीची मेंदी गेली होती. पांढऱ्या दाढीवर पांढरा कापूस, कुठे काय संपतं कळत नव्हतं. टण्ण, टण्ण. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ओरडला नाही.

मी ओट्यावर बसलो. चहा आला, तो त्यानं घेतला. कप उलटा केला नाही. इतकी वर्षं गिळून ठेवलेलं बाहेर आलं.

“कादरभाई,” मी म्हटलं, “ते पटके दरसाल मीच देत होतो. मागच्या भिंतीवरून. भाभीनं माझं नाव सांगितलं नाही, आणि मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही.”

आणि डोळे मिटून घेतले. आता म्हटलं छपराची कवेलू उडणार. बहिणीच्या लग्नाला आलेले पाहुणे पळणार. ओरड बाबा, मनातल्या मनात मी म्हणत होतो, एकदा माझ्यावर ओरड.

ठोका थांबला. त्यानं तातीला बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला, खुंटी जरा पिळली.

“पाच-एक होतं,” तो म्हणाला.